आठ आण्याचा फरक

दिवाळीत मोहोळला गेलो होतो. आमचं आजोळ. ज्यांना मोहोळ माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याहून हायवेने सोलापूरला जाताना, सोलापूरच्या अलीकडे साधारण ३५ किलोमीटरवर पंढरपूरचा फाटा लागतो, ते गाव. बहुतेक लोक इथे चहाला थांबतात किंवा गाडीत झोपलेले असतात :) नागनाथाचं देऊळ, बाजार, आणि हंगामात रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. आजोळ म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

तर रविवारची सकाळ. मामा ओसरीत बसलेले, मामीने चुरमुऱ्यांचा सुशीला केलेला, आणि मामांचा मोबाईल टिंग टिंग करत होता. मामा एका सरकारी बँकेत मॅनेजर आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतील. त्यांनी चष्मा वर करून फोन बघितला, उलटा ठेवला आणि पुन्हा सुशीला खायला लागले.

"मामा, आज रविवार आहे ना?"

"म्हणून तर साडेआठला आला. एरवी साडेसातला येतोय."

मी फोन घेऊन बघितलं. रिजनल ऑफिसचा ग्रुप. त्यावर एक तक्ता. डावीकडे माणसांची नावं, पुढे विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड, फास्टॅग असे रकाने, आणि प्रत्येक नावापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. खाली एक ओळ, की लालवाल्यांनी आजच खुलासा द्यावा.

"तुम्ही कुठे आहात यात?"

"मी? लाल. दोन महिने झालं लालच आहे की."

छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. गावात कोणाच्या पोराचं शिक्षण कर्जावर झालं, कोणाचं ट्रॅक्टर कर्ज थकलंय, कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, हे सगळं ज्याला तोंडपाठ आहे, तो माणूस लाल.

आता मुद्दा असा की तो तक्ता मला ओळखीचा वाटला. मामांच्या बँकेशी माझा काही संबंध नाही. पण गेली दोन वर्षं माझी टीम एका दुसऱ्या वित्तसंस्थेसाठी हुबेहूब असाच डॅशबोर्ड बनवते आहे. नाव, आकडा, रंग. दर पंधरा मिनिटांनी रिफ्रेश. रिफ्रेशचा तो कोड मी स्वतः लिहिलाय आणि तो फास्ट केला म्हणून मला अप्रेझलमध्ये चांगलं रेटिंगही मिळालंय. मोहोळच्या ओसरीत बसून पहिल्यांदा मी तो दुसऱ्या बाजूने बघितला.

त्यानंतर दोन-तीन वीकेंड बँकेच्या नोकरीचा इतिहास वाचण्यात घालवले. "पूर्वी बँकेत कसं छान होतं, आता वातावरण बिघडलं" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या काका-मामांकडून ऐकलेलं असतं. नक्की काय बिघडलं? कधी? की हा फक्त म्हातारपणीचा सूर आहे? थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो. (थोडक्यात म्हणजे माझ्या हिशोबाने थोडक्यात!)

सुरुवात मामांपासूनच करू. १९८९ साली बीएसआरबीची परीक्षा देऊन ते क्लार्क म्हणून लागले. तेव्हा शाखेत कॉम्प्युटर नव्हता. बचत खात्यांची जाडजूड लेजरं, व्हाउचरं, स्क्रोल, पैसे काढायला आलेल्या माणसाच्या हातात पितळी टोकन. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. आणि ठराविक काळाने लेजरचं बॅलन्सिंग, म्हणजे एकेका खात्याची शिल्लक उतरवून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची.

त्यांच्या पहिल्याच वर्षी या बॅलन्सिंगमध्ये आठ आण्याचा फरक आला. पन्नास पैसे! चार दिवस सगळी शाखा रात्री अकरापर्यंत बसली होती. मॅनेजरच्या घरून पिठलं-भाकरी यायची. एकाने मोठ्याने आकडे वाचायचे, दुसऱ्याने टिक करायचं, शिपाईसुद्धा लेजरं काढून द्यायला थांबलेला. चौथ्या रात्री सापडलं. एका व्हाउचरवर पन्नास पैसे होते आणि लेजरमध्ये चढवताना राहून गेले होते. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी पेढे वाटले.

मी अर्थातच आयटीवाला प्रश्न विचारला. "मामा, चार दिवस? खिशातले आठ आणे टाकून मोकळं व्हायचं ना!"

मामा हसले. "खिशातनं घातले असते तर आठ आणे भरले असते. चूक तशीच राहिली असती की. आणि तुला काय माहीत, ती आठ आण्याचीच चूक आहे? एकीकडे पाच हजार जास्त, दुसरीकडे पाच हजाराला आठ आणे कमी, अशा दोन चुका एकमेकींना खाऊन वर आठ आणे उरले असतील तर?"

मी गप्प. हे तर आम्हाला टेस्टिंगमध्ये शिकवतात. दोन बग एकमेकांना झाकतात आणि आउटपुट बरोबर दिसतं. आम्हाला त्यासाठी ट्रेनिंग लागलं, मामांना लेजरने शिकवलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता जरा मागे जाऊ. बँकेची नोकरी म्हणजे मध्यमवर्गाची सुखाची नोकरी, हे समीकरण पहिल्यापासून नव्हतं. स्वातंत्र्याच्या सुमाराला बँका खासगी होत्या आणि क्लार्कचा पगार, कामाचे तास, बढती सगळं ज्या त्या मालकाच्या मर्जीवर. १९४६ साली कलकत्त्यात ऑल इंडिया बँक एम्प्लॉइज असोसिएशन स्थापन झाली. तंटे इतके वाढले की १९४९ मध्ये सरकारने बँकांसाठी अखिल भारतीय न्यायाधिकरण नेमलं. त्याचा सेन निवाडा १९५० मध्ये आला आणि १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो तांत्रिक कारणावरून रद्द केला. मग १९५३ चा शास्त्री निवाडा. त्यात गावांचे लोकसंख्येप्रमाणे वर्ग पाडून पगार ठरवले होते. म्हणजे मुंबईचा क्लार्क वेगळा आणि मोहोळसारख्या गावातला वेगळा. त्याच्यावर अपील, अपिलाचा निकाल १९५४ मध्ये, आणि त्या निकालात सरकारने स्वतःच बदल केले.

इथे एक भारी गोष्ट घडली. तेव्हाचे केंद्रीय कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी म्हणाले, की न्यायाधिकरणाचा निकाल सरकार असा बदलणार असेल तर मी मंत्री राहू शकत नाही. आणि त्यांनी राजीनामा दिला. बँकेतल्या क्लार्कच्या पगारावरून केंद्रीय मंत्र्याचा राजीनामा! आज कल्पना करून बघा.

त्यानंतर सरकारने एक आयोग नेमला. आधी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष होते, त्यांचं निधन झाल्यावर काम न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांकडे आलं. म्हणजे साताऱ्यात जन्मलेले, आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले तेच गजेंद्रगडकर. त्यांच्या अहवालानंतर १९५५ मध्ये संसदेने कायदा केला आणि ते प्रकरण मिटलं. पुढे १९६२ चा देसाई निवाडा झाला. आणि १९ ऑक्टोबर १९६६ ला पहिला द्विपक्षीय करार झाला. म्हणजे कोर्टात न जाता बँका एका बाजूला, संघटना दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये टेबल. ती पद्धत आजही चालू आहे, २०२४ मध्ये बारावा करार झाला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की मामांच्या वाट्याला जी बरी नोकरी आली ती कोणी खुशीने दिलेली नव्हती. आधीच्या पिढीने वीस वर्षं भांडून ती मिळवली होती.

मग १९ जुलै १९६९. चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण, त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्या वटहुकमावर सही कोणाची? तेव्हाच्या हंगामी राष्ट्रपतींची, म्हणजे पुन्हा व्ही. व्ही. गिरी! आणि सही करून दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. बँकवाल्यांच्या बाबतीत गिरींचं आणि राजीनाम्याचं काहीतरी नातं होतं :)

राष्ट्रीयीकरण चांगलं की वाईट हा वाद मी इथे उकरत नाही. पण आकडे बघा. १९६९ मध्ये देशात बँकांच्या सुमारे ८,२०० शाखा होत्या, त्यातल्या जेमतेम २२ टक्के ग्रामीण. १९९० पर्यंत शाखा जवळपास ६०,००० झाल्या आणि ग्रामीण वाटा ५८ टक्क्यांच्या आसपास गेला. १९७७ मध्ये तर नियमच केला होता, की मोठ्या शहरात एक शाखा पाहिजे असेल तर बँक नसलेल्या गावांत चार उघडा. सावकार आणि सोसायटी सोडून तिसरं दार ज्या गावांत नव्हतं, तिथे बँक आली. तिथे भरतीही झाली आणि मामांसारखी शेतकऱ्यांची पोरं परीक्षा देऊन शर्ट इन करून कामावर जाऊ लागली.

बँकेची नोकरी तेव्हा नुसती नोकरी नव्हती. साडेपाचला घरी आलेला माणूस नाटकाच्या तालमीला जाऊ शकत होता. बँकांच्या क्रिकेटच्या, कबड्डीच्या टीम होत्या. भारताचा कर्णधार झालेला अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होता.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मीही त्या काका-मामांच्याच सुरात गायला लागेन.

काउंटरवरचा क्लार्क तुसडा असायचा, हे तुमच्या-माझ्या आई-वडिलांनी अनुभवलेलं आहे. डिमांड ड्राफ्टसाठी अर्धा दिवस. "साहेब जेवायला गेलेत." ग्राहकसेवा सुधारायला आधी तलवार समिती, मग १९९० मध्ये गोईपोरिया समिती, अशा समित्यांवर समित्या नेमाव्या लागल्या, त्यावरून काय ते समजा. शेतकरी धोतराचा सोगा सावरत केबिनच्या बाहेर तासन्तास उभा असायचा, हे मामांनी स्वतः सांगितलं.

आणि टार्गेट? तीही होती. ऐंशीच्या दशकात कर्जमेळावे झाले. स्टेजवर मंत्री आणि खाली रांगेत लोक. इतक्या लाभार्थ्यांना इतक्या म्हशी, असे आकडे वरून यायचे. एकच म्हैस चार जणांच्या कर्जाला दाखवल्याचे किस्से आमच्याकडे अजून रंगवून सांगतात. म्हणजे आकड्यासाठी काम करणं आणि त्यासाठी आकडा सजवणं, हे काही २०१० नंतरचं नाही.

मग फरक कुठे पडला? मला सुरुवातीला वाटलं कॉम्प्युटरमुळे. (आयटीवाल्याचा अपराधी भाव, दुसरं काय!) पण तसं दिसत नाही.

कॉम्प्युटरला संघटनांनी विरोध केला हे खरं. साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटर बसू नये म्हणून इमारतीबाहेर पहारे दिले होते. बँकांमध्ये १९८३ च्या करारानंतर हळूहळू यंत्रं आली, आधी लेजर पोस्टिंग मशिन. नव्वदच्या दशकात खासगी बँकांना परवाने मिळाले आणि त्या पहिल्या दिवसापासून कॉम्प्युटरवरच सुरू झाल्या. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि साधारण एक लाख माणसं बाहेर पडली. एक लाख! मामा म्हणतात, "त्या वर्षी शाखेतली कडक माणसं गेली. आम्हाला कामं शिकवणारं कुणी उरलं नाही." पाठोपाठ कोअर बँकिंग आलं. इन्फोसिसचं फिनॅकल, टीसीएसचं बॅंक्स. शाखेतलं खातं बँकेचं खातं झालं आणि मोहोळला पासबुक असलेला माणूस मुंबईत पैसे काढायला लागला.

याचा फायदा झाला, उगाच नाही कशाला म्हणा. एकच उदाहरण. पूर्वी बचत खात्यावर व्याज कसं मिळायचं? महिन्याची १० तारीख ते महिनाअखेर यातली जी सर्वांत कमी शिल्लक, तिच्यावर. ११ तारखेला पैसे भरले की त्या महिन्याचं व्याज गेलं. हाताने हिशोब करायचा तर एवढंच शक्य होतं. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायला लावलं, आणि ते शक्य झालं सॉफ्टवेअरमुळे. बॅलन्सिंगच्या रात्रीही संपल्या. मामांना विचारलं, लेजर परत पाहिजे का? म्हणाले, "येडा आहेस का?"

मला फरक दिसतो तो दुसरीकडे. २००० साली बँकांना विमा विकायची परवानगी मिळाली. मग म्युच्युअल फंड, कार्डं, आणखी काय काय. बँकेकडे ग्राहक आहे, त्याची शिल्लक माहीत आहे, त्याचा विश्वास आहे. मग त्याला काहीतरी विका. यातून बँकेला कमिशन मिळायला लागलं. आणि मोजायचं काय, ते बदललं. पूर्वी मोजायचे ते व्यवहार बरोबर झाला का. आता मोजतात ते व्यवहार झाला का.

दुसरी गोष्ट अशी, की मोजमाप माणसागणिक झालं. म्हशींचं टार्गेट शाखेचं होतं, फार तर मॅनेजरचं. आठ आण्याचा फरक तर सगळ्यांचाच होता. कोणी चढवायला विसरला ते चौथ्या रात्री कळलं, पण तीन रात्री सगळे बसले. आता तक्त्यात प्रत्येकाचं नाव स्वतंत्र आहे आणि शेजारच्या टेबलावरचा हिरवा झाला की माझा लाल जास्त लाल दिसतो. असा तक्ता दर पंधरा मिनिटांनी काढणं लेजरच्या काळात अशक्य होतं. आम्ही ते शक्य केलं. विकायला बसवायचं हे दुसऱ्यांनी ठरवलं, रंग आम्ही दिले. आयटीचा वाटा मला तरी एवढाच दिसतो, आणि तो काही कमी नाही.

तिसरी गोष्ट टेबलाची. १९६६ च्या करारात ज्यांच्या वतीने संघटना बोलली ते कायद्याच्या भाषेत "कामगार" होते, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली. (आता त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे.) नव्या खासगी बँकांत तुम्ही पहिल्या दिवशीच ऑफिसर किंवा एक्झिक्युटिव्ह असता. पद भारी वाटतं, पण त्याच पदामुळे टेबलाच्या पलीकडची खुर्ची जाते. आपलं आयटीतही तेच. पंचविसाव्या वर्षी "सीनियर" आणि "लीड" होतो, आणि शनिवारी रात्रीचा कॉल नाकारायचा तर कोणाच्या तोंडाने, ते माहीत नसतं.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं?

सप्टेंबर २०१६. इंडियन एक्सप्रेसने बातमी दिली, की जनधनच्या झीरो बॅलन्स खात्यांची संख्या कमी दिसावी म्हणून काही शाखांतून बँकवाल्यांनीच खात्यांत एकेक रुपया भरला होता. काहींनी तर खिशातून. आठवले ना मामांचे आठ आणे? जो माणूस १९८९ मध्ये खिशातले पन्नास पैसे टाकायला तयार नव्हता, त्याच्याच नंतरच्या पिढीला एक रुपया टाकावा लागला. माणसं अचानक खोटी झाली असं मला वाटत नाही. विचारलं जाणारं बदललं. "चूक सापडली का?" असं विचारलं की माणूस चूक शोधतो. "आकडा किती?" असं विचारलं की आकडा करून देतो.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. बरोबर त्याच महिन्यात अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता सुमारे वीस लाख खाती आणि कार्डं उघडली असावीत असा अंदाज होता. एका ग्राहकामागे बँकेची आठ प्रॉडक्ट हवीत, असं त्या बँकेचं ध्येय होतं. सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले, बहुतेक खालचे. आठ हा आकडा ठरवणारे मात्र काउंटरवर बसत नव्हते.

जून २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेच्या कोलकात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा व्हिडिओ फिरला, तुम्हीही बघितला असेल. ऑनलाइन मीटिंगमध्ये टार्गेटवरून हाताखालच्या लोकांवर आरडाओरडा. बँकेने त्याला निलंबित केलं आणि चौकशी लावली. ठीक आहे. पण मला एक प्रश्न पडतो, की त्याच्या स्क्रीनवर कोणता तक्ता उघडा असेल आणि त्यात त्याचं स्वतःचं नाव कोणत्या रंगात असेल?

आणि पुण्यातली ती मुलगी. तिचं नाव इथे लिहीत नाही. २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट, मार्च २०२४ मध्ये ईवायच्या समूहातल्या ऑडिट फर्ममध्ये लागली आणि जुलैमध्ये गेली. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. कामाच्या ओझ्याबद्दल, आणि अंत्यविधीला ऑफिसमधलं कोणीही आलं नाही याबद्दल. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. नंतर राज्याच्या कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा समोर आलं, की ते पुण्यातलं ऑफिस २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चालू होतं. त्या कायद्यात तेव्हा दिवसाला नऊ तासांची आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सतरा वर्षं कोणी बघितलंच नाही. आमच्यापैकी किती जणांना हा कायदा माहीत होता? मला नव्हता. नऊ तास ही मर्यादा आहे हे मला बातमी वाचून कळलं, आणि माझी पहिली प्रतिक्रिया काय होती माहितीये? हसू आलं. त्या हसण्याची नंतर लाज वाटली.

तर मामांचा सूर नुसता म्हातारपणीचा नाही, या मताला मी आलो. पूर्वी सगळं गोड होतं असं नाही. तुसडेपणा होता, म्हशी होत्या, आळसही होता. पण चूक झाली तर सगळे मिळून बसायचे, आणि वरून चुकीचं आलं तर सगळे मिळून नाही म्हणू शकत होते. या दोन गोष्टी गेल्या. एसी आला, पगार वाढला, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी झाला, पण या दोन गोष्टींची भरपाई झाली नाही.

त्या रविवारी मामांनी शेवटी खुलासा पाठवला. मीच टाइप करून दिला. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे एक बाई आल्या होत्या, उसाच्या बिलाचे पैसे मुदत ठेवीत टाकायला. त्यांना विमा विकला असता तर नाव हिरवं झालं असतं. हप्ता पाच वर्षं भरावा लागला असता, आणि पुढच्या वर्षी ऊस नाही लागला तर? मामांनी ठेव करून दिली.

"हे लिहू का खुलाशात?"

"नको. 'प्रयत्न चालू आहेत' एवढंच लिही."

सोमवारी मी पुण्यात ऑफिसला गेलो. आमच्या पुढच्या रिलीजमध्ये एक नवीन फीचर आहे: सगळ्यांत खालच्या दहा जणांची नावं रोज सकाळी सगळ्यांना आपोआप जातील. माझ्याच नावावर ते काम आहे. मीटिंगमध्ये मी विचारलं, की ही यादी मॅनेजरपुरती ठेवली तर चालेल का? आणि त्याच तक्त्यात एक रकाना वाढवता येईल का, की विकलेल्या पॉलिसीपैकी दुसऱ्या वर्षी किती चालू राहिल्या? लीड म्हणाला क्लायंटने मागितलेलं नाही. मी म्हटलं, विचारून तर बघू. दोन जण म्हणाले, हो, विचारायला काय हरकत आहे. त्यातली एक तर आमच्या टीममध्ये येऊन तीन महिने झालेली मुलगी. इतके दिवस मला वाटत होतं की असा विचार करणारा मी एकटाच आहे.

क्लायंटला मेल गेलाय. उत्तर अजून आलेलं नाही. बहुधा नाहीच म्हणतील.

असो. फारच लांबलं. मामांच्या रिटायरमेंटला मोहोळला जाणार आहेच. त्यांना विचारायचंय की शेवटच्या दिवशी ग्रुपमधून स्वतःहून बाहेर पडणार की कोणीतरी काढेपर्यंत थांबणार.